सोलापूरच्या उन्हात कोंबड्यांचं शेड निवडताना

कोंबडीपालन करायचं म्हटलं की लोक आधी विचारतात, पक्षी कुठला घेणार? माझ्या मते आधी शेडचं विचारावं. पक्षी दर लॉटला बदलता येतो. शेड एकदा उभं राहिलं की पंधरा-वीस वर्षं तिथंच असतं, आणि आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये कोंबडी तगणार की नाही हे तेच ठरवतं. आम्ही आमचं शेड कसं ठरवलं ते सविस्तर सांगते, कारण बचत गटातल्या बऱ्याच जणी हल्ली मला हेच विचारतात आणि रस्त्यात उभ्या उभ्या सांगून ते पुरत नाही.

आमचं गाव मोहोळ तालुक्यात, पुणे-हैदराबाद हायवेपासून थोडं आत. डाळिंबाची बाग तेल्या रोगानं गेली, झाडं उपटून काढली आणि विहिरीच्या वरच्या अंगाला मुरमाड जागा मोकळी पडली. आमचे हे साखर कारखान्यात, शिफ्टची नोकरी. धाकटे दीर वायरमन, त्यांचा दिवस तालुकाभर फिरण्यात जातो. म्हणजे शेडमध्ये सकाळ-संध्याकाळ राबणार मी, आणि हाताशी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. हे आधीच सांगते, कारण पद्धत निवडताना पैशाइतकाच याचाही विचार करावा लागला.

भाऊजींचं म्हणणं, ब्रॉयलरचं ईसी शेड घालायचं, कंपनीच्या करारावर. खाद्याच्या दुकानदारांचं म्हणणं, अंड्यावरच्या कोंबड्या करा आणि त्या पिंजऱ्यात. तिसरी राहिली गादी पद्धत, म्हणजे जमिनीवर तूस किंवा फोलपटं अंथरून त्यावर पक्षी मोकळे. तिच्याबद्दल कुणी फारसं उत्साहानं बोलत नव्हतं.

ईसी म्हणजे चारी बाजूंनी बंद शेड. एका टोकाला पुठ्ठ्यासारखे जाळीदार कूलिंग पॅड, त्यांच्यावरून पाणी झिरपत असतं. दुसऱ्या टोकाला माणसाच्या उंचीचे पंखे. पंखे आतली हवा बाहेर फेकतात आणि बाहेरची हवा ओल्या पॅडमधून गार होऊन आत ओढली जाते. हवा जितकी कोरडी, तितकं हे तंत्र जास्त गारवा देतं. म्हणून कोकणापेक्षा सोलापुरात ते कितीतरी चांगलं चालतं. अक्कलकोट रोडला ओळखीतल्या एकांचं असं शेड बघायला गेलो, तेव्हा बाहेर ४२ अंश होतं आणि आतल्या पॅनलवर २९. पक्षी निवांत खात होते, कुणी चोच उघडून धापत नव्हतं. साध्या शेडमध्ये ब्रॉयलरला एक चौरस फूट धरतात, उन्हाळ्यात थोडी जास्तच. इथं त्याहून कमी जागेत पक्षी सुखानं होते.

“बघितलंत का वहिनी?” भाऊजी म्हणाले. “उन्हाचा विषयच संपला.”

मलाही तसंच वाटलं. मग मी मालकांना विचारलं, लाईट गेली तर? त्यांनी आम्हाला मागच्या बाजूला नेलं. तिथं एक जनरेटर होता, आणि तो चालू झाला नाही तर म्हणून दुसरा. पंखे थांबले की फोनवर वाजणारा अलार्म होता. शेड भरलेलं असेल आणि पक्षी शेवटच्या आठवड्यातले, दोन किलोच्या वरचे असतील, तर पंखे बंद पडल्यावर अर्ध्या तासात मर सुरू होते. भिंती बंद, त्यामुळं हवा यायला दुसरी वाटच नसते. ते म्हणाले, “मी बाहेरगावी मुक्कामाला जात नाही. सख्ख्या भाचीच्या लग्नाला गेलो तरी रात्री परत आलो.” माणूस मनापासून धंदा करत होता आणि त्यांचं शेड उत्तम होतं. पण त्यांचं शेड शहराच्या जवळच्या फीडरवर, म्हणजे वीजवाहिनीवर होतं, आमचं शेतात होणार होतं.

शेतीच्या फीडरवर थ्री-फेज ठरावीक तास, कधी दिवसा तर कधी रात्री. उरलेल्या वेळेत सिंगल फेज. त्या मोठ्या पंख्यांना थ्री-फेज लागते. वेगळी जोडणी, त्यासाठी खांब, शिवाय दोन जनरेटर आणि डिझेल. भाऊजी स्वतः त्या कामातले. त्यांनीच एका रात्री वही घेऊन लोडचा हिशेब मांडला. करारात पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, आपल्याला किलोमागं संगोपनाचा दर. शेड, वीज, मजुरी मात्र आपली. म्हणजे जो खर्च आमच्या गावात सगळ्यात बेभरवशाचा, तोच नेमका आमच्या अंगावर येणार होता. साध्या शेडच्या दुपटीहून जास्त दरपत्रक आलं होतं, त्याचा हप्ता वेगळा. वही मिटून ते म्हणाले, “ज्याच्याकडं चोवीस तास लाईट आन् घरचं एक माणूस शेडवर हाय, त्यानं बिनधास्त करावं. आपल्याकडं दोन्ही न्हाई.” ईसीचा विषय तिथं मागं पडला. मी ईसीच्या विरोधात नाही. हायवेलगत किंवा शहराजवळ जागा असती तर आम्ही कदाचित तेच केलं असतं.

मग पिंजरे. पंढरपूरच्या बाजूला एक लेअर फार्म, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचा फार्म बघितला. जमिनीपासून उंचावर तिरप्या रांगांत पिंजरे, खाली विष्ठा पडायला जागा. अंडं घातलं की उतारावरून घरंगळत पुढच्या पन्हाळीत येतं. त्याला ना माती लागते ना शिट. कोणती कोंबडी घालते आणि कोणती नुसती खाते ते लगेच कळतं. विष्ठेशी पायाचा संबंध येत नाही, त्यामुळं रक्ती हगवण आणि जंत यांचा त्रास फार कमी. खाद्य कमी सांडतं. एक माणूस हजारोंनी पक्षी सांभाळतो. ही सगळी खरी जमेची बाजू आहे. आपल्या देशातली बहुतेक अंडी पिंजऱ्यातूनच येतात, ती काही उगाच नाही.

पण तिथं दुपारी उभं राहिल्यावर मला दोन गोष्टी दिसल्या. वरच्या ओळीतल्या कोंबड्या पत्र्याच्या सगळ्यात जवळ होत्या आणि त्याच सगळ्यात जास्त धापत होत्या. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमानच ४१ अंशांच्या आसपास, उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडं धापणं हाच मोठा मार्ग. धापताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याचा परिणाम कवचावर होतो, म्हणून उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची येतात, ट्रेमध्येच तडकतात. मोकळी कोंबडी निदान गार कोपरा शोधते, पंख पसरून जमिनीला पोट लावून बसते. पिंजऱ्यातली आहे तिथंच राहते. दुसरी गोष्ट माश्या. खालची विष्ठा ओली राहिली की माश्यांचा उच्छाद होतो, आणि आमच्या जागेपासून वस्ती काही फार लांब नव्हती.

दर हाही प्रश्न होता. पिंजऱ्यातलं पांढरं अंडं एनईसीसीच्या, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीच्या रोजच्या दरावर विकलं जातं. महाराष्ट्राला लागणारी सगळी अंडी महाराष्ट्रात होत नाहीत, तेलंगणातून आणि कर्नाटकातून गाड्या येतात, आणि हैदराबादचा रस्ता तर आमच्या दारावरूनच जातो. लाखभर पक्षी असलेल्या फार्मच्या अंड्याशी माझ्या हजार-बाराशे कोंबड्यांच्या अंड्यानं एकाच दरात कसा टिकाव धरायचा? संख्या वाढवावी म्हटलं तर पाच हजारांच्या वर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि तेवढं भांडवलही नव्हतं.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांशी बोलले तेव्हा त्यांनी माझा सगळा घोळ ऐकून घेतला आणि एकच विचारलं, “ताई, अंडी विकणार कुणाला?” मी म्हटलं, सोलापुरात होटगी रोड, विजापूर रोडच्या सोसायट्यांत माझी मावसबहीण डाळी, चटण्या पोचवते, तिच्याबरोबर. ते म्हणाले, “मग तपकिरी अंड्याचा पक्षी घ्या आणि गादीवर पाळा. पिंजऱ्याचा खर्च मोठ्या संख्येलाच निघतो.” युरोपात २०१२ पासून साधे पिंजरे बंद झालेत, आपल्याकडंही विधी आयोगानं २०१७ च्या अहवालात कोंबड्यांच्या घरांचा विषय घेतला होता, हेही त्यांच्याकडूनच कळलं. लगेच त्यांनी ताकीदही दिली. “गादी स्वस्त आहे, सोपी नाही. रोज बघावी लागते. तुम्ही बघणार असाल तरच.”

त्यांनी राष्ट्रीय पशुधन अभियानाची योजनाही समजावली. ५० टक्के अनुदान, कमाल २५ लाख. मात्र ती पिल्लांसाठी अंडी देणारे मातृपक्षी आणि ती अंडी उबवायची हॅचरी अशा प्रकल्पासाठी, निदान हजार माद्यांच्या. आम्हाला नुसती अंडी विकायची होती. अनुदानासाठी धंदाच बदलायचा, हे मला पटलं नाही.

घरातला एक प्रश्न उरला होता. मामा, म्हणजे माझे सासरे, माळकरी, दरवर्षी पायी वारीला जातात. अंडंसुद्धा शिवत नाहीत. त्यांची जागा, त्यांच्या नावावर. मी त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “म्हातारी झाल्यावर त्यांचं काय करणार?” मी म्हटलं, मामा, खोटं सांगत नाही, विकावी लागणार. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “तुमचा परपंच हाय, करा. फक्त जिती हायत तवर फिरू द्या त्यांना. कोंडून घालू नका.” गादीच्या बाजूनं माझं मन आधीच झुकलं होतं. पण त्यानंतर मी पिंजऱ्याची दरपत्रकं परत उघडली नाहीत, हेही खरं.

गादी पद्धत ठरल्यावर मी जास्त वेळ घालवला तो छपरावर. लांबी पूर्व-पश्चिम धरली. असं शेड बांधलं की ऊन अरुंद बाजूंवर पडतं, लांब बाजूनं आत शिरत नाही. रुंदी २५ फूट, त्याहून जास्त केली तर मधली हवा हलत नाही. लांबी १२० फूट. पुस्तकातला हिशेब अंड्याच्या पक्ष्याला दोन चौरस फुटांचा आहे, मी अडीच धरला आणि १,२०० पक्षी ठरवले. गवंडी बाजूची उंची आठ फूट म्हणत होता, मी दहा करून घेतली. आढ्याला चौदा, आणि आढ्यावर गरम हवा निघून जायला फट, वर टोपण. लांब बाजूंना दीड फुटाची भिंत, त्यावर जाळी. वळचण चार फूट पुढं काढली. तिला लागलेला पत्रा बघून यांनी कुरकुर केली, पण त्या चार फुटांनी दुपारचं ऊन आणि पावसाची झड दोन्ही अडवली. माझ्या मते सोलापुरात पैसे कमी पडले तर दुसरीकडं कुठंही वाचवावेत, उंचीत आणि वळचणीत वाचवू नयेत.

पत्र्याला वरून चुना मारला. मार्चअखेर त्यावर उसाचं पाचट अंथरतो आणि आढ्यावरच्या पाइपातून ते भिजवत राहतो. पाचट आमच्याकडं फुकट आहे. ते सुकू मात्र द्यायचं नाही, ठिणगी पडली तर संपलं. आत भाऊजींनी सिंगल फेजवर चालणारे पंखे आणि पाण्याचे बारीक तुषार उडवणारे फॉगर बसवले, छोट्या इन्व्हर्टरसह. लाईट पूर्ण गेली तरी बाजू उघड्या आहेत, वारा येतो. ईसी सोडून आम्ही हे घेतलं त्याचं सगळं कारण या एका वाक्यात आहे.

आता गादीचं. सगळीकडं भाताचा तूस सांगतात. आपल्याकडं भात कुठं पिकतो? तूस लांबून आणायचा तर वाहतूकच जास्त होते. कारखान्याचा जिल्हा म्हणून उसाचा भुसा सुचवला गेला. तो मिळतो भरपूर, पण ओला राहिला तर बुरशी धरतो आणि ती बुरशी पक्ष्याच्या फुफ्फुसात जाते. मी शेंगांची फोलपटं आणि रंधा मारलेला लाकडी भुसा मिसळून घेतला. पावसाळ्या-हिवाळ्यात पाच-सहा इंच जाडी, उन्हाळ्यात दोन-तीन इंचांवर आणायची, कारण जाड गादी आतून तापते. आठवड्यातून दोनदा खाली-वर करायची, अधूनमधून चुन्याची भुकटी टाकायची. ओल तपासायला मूठभर भुसा घेऊन दाबायचा. लाडू वळला तर ओली, हात उघडताच सुटला तर ठीक. बाकी सगळं सोडून एवढं रोज करावं असं मी गटातल्या बायकांना सांगते, कारण रक्ती हगवणीचा जंतू ओल्या गादीतच वाढतो. या बाबतीत सोलापूरची कोरडी हवा आपल्या बाजूनं आहे. कोकणात गादी कोरडी ठेवायला जेवढा जीव काढावा लागतो, तेवढा इथं वर्षातले बरेच महिने लागत नाही.

पक्षी ग्रामप्रिया घेतला, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं तयार केलेला. वर्षाला २०० च्या वर तपकिरी अंडी. पांढऱ्या लेअरच्या ३०० च्या पुढच्या आकड्याशी तुलना केली तर कमीच, पण काटक. ही अंडी मी गावरान म्हणून विकत नाही. मावसबहिणीला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय, कुणी विचारलं तर खरं सांगायचं. तरी पांढऱ्यापेक्षा चार पैसे जास्त मिळतात.

पिल्लं गौरी-गणपतीच्या सुमारास आली, फेब्रुवारीत अंडी सुरू झाली. पाच पक्ष्यांमागं एक या हिशेबानं अंडी घालायची खोकी आधीपासून ठेवली होती, तरी पहिल्या महिन्यात कित्येक अंडी गादीवर. कोपऱ्यातला अंधार त्यांना आवडतो. आत्याबाई दर तासाला फेरी मारून जमिनीवर बसलेलीला उचलून खोक्यात ठेवत. त्यांच्या चिकाटीनंच ते आटोक्यात आलं. मजूर लावून हे झालं नसतं असं मला वाटतं.

मग एप्रिल. सकाळी दहापासून चारपर्यंत खाद्य बंद, कारण पचनाची उष्णता अंगात वाढते. पहाटे आणि संध्याकाळी भरपूर. संध्याकाळच्या खाद्यात शिंपल्याचा चुरा, रात्री कवच बनतं तेव्हा कॅल्शियम हाताशी असावं म्हणून. पाण्याची काळजी सगळ्यात मोठी. एरवी तीनशे लिटरच्या आत भागतं, तिथं पाचशेच्या पुढं गेलं. काळ्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की कोंबडी तोंड लावत नाही. टाकीवर सावली केली, गोणपाट गुंडाळून भिजवलं, पाइप जमिनीखालून घेतला. बोअरच्या जड पाण्यानं कोंबड्यांच्या पाणी प्यायच्या निप्पलमध्ये क्षार बसतात, ते दर रविवारी तपासायचे. पश्चिमेच्या बाजूला गोणपाटाचे ओले पडदे. मे महिन्यात सलग काही दिवस फार तापले तेव्हा काही पक्षी गेले, त्यातले बहुतेक पश्चिमेच्या टोकाचे. अंडी उतरली, कवच थोडं पातळ झालं. पण शेड टिकलं. त्याच आठवड्यात वादळानं तार तुटून दीड दिवस लाईट नव्हती. त्या दीड दिवसात वेगळी म्हणून मर झाली नाही.

आषाढी ते कार्तिकी अंड्याला मागणी कमी, त्यात श्रावण. तेव्हा मोहोळच्या बाजारात आणि ढाब्यांना द्यावी लागली, दर पाडून. परतीच्या पावसानं एकदा झड आत येऊन पश्चिमेची गादी भिजली. रातोरात ती पट्टी काढून कोरडी टाकली.

जुनी गादी निघेल ती डाळिंबवाल्यांनी आत्ताच सांगून ठेवली आहे. फोलपटं आणि विष्ठा कुजून झालेलं हे खत ओल्या विष्ठेपेक्षा वाहायला सोपं आणि वासही कमी. वर्षाचा गादीचा खर्च त्यातून निघेल असा अंदाज आहे.

कार्तिकीनंतर दुसऱ्या लॉटची पिल्लं येतील. मोठ्या कोंबड्या अजून शेडमध्येच आहेत, म्हणून पिल्लांना वेगळी खोली बांधतोय. वारा पिल्लांकडून मोठ्यांकडं जाईल अशा बाजूला आणि चांगली शंभर फूट लांब. मोठ्या विकल्या की शेड धुऊन, चुना मारून पंधरा दिवस रिकामं ठेवायचं आणि मगच पिल्लं तिकडं न्यायची. पश्चिमेच्या टोकाला शेवगा लावलाय, पुढच्या मेपर्यंत तो वळचणीएवढा होईल. तोवर त्या बाजूची वळचण दोन फूट वाढवून घ्यायला पत्रा सांगितलाय.